वर की खाली? : नागपुरात अ‍ॅम्ब्युलन्सवर कामाला येणाऱ्यांसाठी

वर्धा रोडवरचा डबलडेकर पूल नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाला. खाली जुना रस्ता, त्याच्यावर गाड्यांचा पूल, त्याच्याही वर मेट्रो. लांबी ३.१४ किलोमीटर. तो सुरू झाल्यावर काही दिवसांतच आम्हाला कॉल आला: छत्रपती चौक, दुचाकीचा अपघात, पेशंट बेशुद्ध. आम्ही सहा मिनिटांत चौकात होतो. चौकात काहीच नव्हतं. पानठेलेवाल्याला विचारलं, ट्रॅफिक हवालदाराला विचारलं. फोन करणाऱ्याला पुन्हा लावला तर तो ओरडतोय, "अहो, मला तुमचा हूटर ऐकू येऊन राहिला, तुम्ही आहे कुठं?" तो वर होता, पुलावर. आम्ही बरोबर त्याच्या पायाखाली. मोबाइलच्या नकाशावर दोघांचा ठिपका एकच. मागे फिरून, पुलाचा चढ धरून वर पोचेपर्यंत जी मिनिटं गेली ती मला अजून बोचतात.

त्या दिवसापासून वर्धा रोडच्या कॉलवर माझा पहिला प्रश्न ठरला: वर की खाली?

मी बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची डॉक्टर आहे. इंटर्नशिप संपवून २०१६ मध्ये अ‍ॅम्ब्युलन्सवर आले, सहा वर्षं गाडीवर काढली, नंतर एका खाजगी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात गेले आणि आता मुख्यतः नव्या पोरापोरींना शिकवते. ते मला विचारतात, मॅडम, या लाइनमध्ये यावं का? आणि आलेले विचारतात, यातून पुढे कुठं जावं? दोन्ही प्रश्नांचं मला जे सुचतं ते इथे लिहिते आहे.

आधी आपल्या राज्याचं थोडं. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या. त्यातल्या २३३ अ‍ॅडव्हान्स्ड, म्हणजे व्हेंटिलेटर-मॉनिटरसकट, आणि ७०४ बेसिक. बऱ्याच राज्यांत गाडीवर ईएमटी (तातडीच्या उपचाराचं शिक्षण घेतलेला तंत्रज्ञ) असतो, आपल्याकडे डॉक्टर असतो, आणि त्यात बीएएमएस, बीएचएमएस (होमिओपॅथीवाले) फार. चालकाला आमच्यात पायलट म्हणतात. १०२ वेगळी, ती गरोदर बाया आणि बाळांसाठी. १०८ चा फोन पुण्याच्या कंट्रोल रूमला जातो आणि तिथून कॉल जवळच्या गाडीला मिळतो. फोन उचलणाऱ्याला मेडिकल चौक आणि मेडिकल हॉस्पिटल (आमचं सरकारी मेडिकल कॉलेज, नुसतं 'मेडिकल' म्हणतो ते) यातला फरक माहीत असेलच असं नाही. म्हणून कॉल मिळाला की गाडी निघता निघता फोन करणाऱ्याला आपण स्वतः लावायचा. विचारायचं कसं, हे कोणत्याही कोर्समध्ये पुरतं शिकवत नाहीत.

समृद्धीवर विचारायचं: तुम्ही शिर्डीकडे चालले होते की नागपूरकडे येत होते? कारण तिथे मधून पलीकडे जाता येत नाही. चुकीच्या बाजूने चढलात तर पुढच्या इंटरचेंजपर्यंत जाऊन परत यायचं. शिवाय बाजूच्या पाटीवरचा किलोमीटरचा आकडा वाचायला सांगायचं. वस्तीत घर नंबर विचारू नका, त्यानं काही कळत नाही. "गल्लीच्या तोंडाशी एक माणूस उभा करा, हातात मोबाइलचा टॉर्च लावून," एवढं सांगा. दोन मिनिटं वाचतात.

पण प्रश्नाची खरी किंमत मला कळली ती कुही तालुक्यातल्या एका गावात. जुलैचा महिना, पहाटेचे साडेचार. कॉल होता पोटदुखीचा. अकरा वर्षांची मुलगी. आजी म्हणाली, "गॅस झाला वाटते बाई, रातच्यानं तळमळून राह्यली." पोट मऊ होतं, ताप नव्हता. मुलगी माझ्याकडे पाहत होती, पण मान मागे टाकून, हनुवटी वर करून. मी तिला म्हटलं, मान सरळ ठेव आणि छताकडे बघ. डोळे वर गेले, पापण्या गेल्या नाहीत. अर्ध्यावरच लोंबत राहिल्या.

मी आजीला विचारलं, "रात्री कुठं झोपली होती? बाजेवर की खाली?"

"खालीच बाई. उकडते ना, मुलं सारी खालीच झोपतात."

मण्यार. नाग चावला तर सुजतं, घोणस चावली तर आग होते. मण्यार रात्री येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, खूण दिसतही नाही. पोट दुखतं, मग पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, मग श्वास. मी पोरीला एका श्वासात आकडे मोजायला लावलं. ती पंधरापर्यंत गेली. गाडीत पुन्हा मोजायला लावलं तेव्हा नऊ. ग्रामीण रुग्णालयात सर्पविषावरच्या लसीचे १० व्हायल सुरू केले (लहान मुलाला मोठ्याइतकाच डोस लागतो, साप वजन बघून कमी चावत नाही) आणि लगेच मेडिकलकडे निघालो. उमरेड रोडला लागलो तेव्हा तिला चारच्या पुढे मोजता येईना. मग अम्बू बॅग, हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी. दर तीन सेकंदांना एक दाब, नागपूर येईपर्यंत.

एक गोष्ट नव्यांनी मनात कोरून ठेवावी. मण्यारीचा पेशंट डोळे उघडू शकत नाही, हात हलवू शकत नाही, पण त्याला ऐकू येत असतं. तो बेशुद्ध दिसतो, असतो मात्र जागा. मी सगळा रस्ता तिच्याशी बोलत होते. आता विहीरगाव आलं, आता दिघोरी आली, तुझी आजी समोर पायलटकाकांजवळ बसली आहे, श्वासाची काळजी तू करू नको, ती मी घेते आहे. चौथ्या दिवशी ती व्हेंटिलेटरवरून निघाली. मी भेटायला गेले तर म्हणाली, "दिघोरीचं ऐकलं होतं मी."

पोचवण्याइतकंच सोपवणंही मोठं. कॅज्युअल्टीत गर्दी असते, तिथल्या रेसिडेंटजवळ अर्धं मिनिट असतं. वय, काय झालं, किती वाजता, मला काय सापडलं, मी काय दिलं. याच क्रमाने, मोठ्याने, आणि वेळा कागदावर. "पेशंट सिरियस आहे" हे वाक्य वापरू नका, त्यानं कुणाला काही कळत नाही. "पहाटे साडेचारला पंधरा मोजत होती, सव्वासहाला चार" यानं सगळं कळतं. आणि पेशंट कुठे न्यायचा हे गाडीतच ठरायला हवं: मोठा अपघात असेल तर मेडिकलचं ट्रॉमा सेंटर, बाळंतीण असेल तर डागा हे बायकांचं हॉस्पिटल, उत्तर नागपूर-कामठीकडचा असेल तर बहुधा मेयो, तेही सरकारीच, मिहान-बुटीबोरीकडचा असेल तर एम्सही बघायचं. नातेवाईक खाजगीत न्या म्हणाले तर तिथे आयसीयूचा बेड आहे का, हे निघण्याआधी फोनवर विचारून घ्या. एप्रिल २०२१ मध्ये बेड शोधत फिरवलेले पेशंट ज्यांनी पाहिले त्यांना हे सांगावं लागत नाही.

माझी एक चूकही लिहिते. मनीषनगरात तिसरा मजला, लिफ्ट नाही, दम्याचे जुने पेशंट, ओठ निळे पडत चाललेले. आम्ही छोटा सिलेंडर घेऊन वर गेलो. चावी फिरवली आणि जोडावरून फस्स आवाज. वायसर, म्हणजे जोडातली चकती, गेला होता. सकाळी चेकलिस्ट भरताना मी काट्याकडे पाहिलं होतं, काटा भरलेला दाखवत होता, मी टिक केली होती. चावी उघडून, फ्लो सुरू करून पाहिलं नव्हतं. जास्तीचा वायसरही पेटीत नव्हता. त्या काकांना खुर्चीवर बसवून तीन मजले ऑक्सिजनशिवाय उतरवलं, गाडीतल्या मोठ्या सिलेंडरला लावलं तेव्हा रंग परत आला. त्यांच्या सुनेने माझे आभार मानले. मला ते घेता आले नाहीत.

तर: ड्युटीचा चार्ज घेताना प्रत्येक सिलेंडर उघडून पाहायचा. छोटा बी-टाइप पूर्ण भरला तर साधारण १५०० लिटर. मिनिटाला १० लिटरने दिला तर अडीच तास, काटा एक तृतीयांशावर असेल तर पन्नास मिनिटं. हे गणित तोंडपाठ हवं. सक्शन चालू करून बघायचं, अम्बू बॅग तळहातावर दाबून बघायची, ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची तारीख वाचायची. आणि दोन वायसर खिशात. माझ्या अजूनही असतात, गाडी सुटून चार वर्षं झाली तरी.

उन्हाळ्याबद्दल नागपूरकरांना काय सांगायचं, पण बाहेरून येणाऱ्यांसाठी सांगते. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ दिवसांत, पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि कळमन्याच्या बाजारात, एमआयडीसीत, बांधकामावर माणसं पडतात. बरळत असेल, अंग भट्टीसारखं असेल, तर आधी थंड करा मग पळवा. कपडे सैल, अंगभर पाणी, काखेत आणि जांघेत बर्फ, एसी पूर्ण. पाणी पाजायची घाई करू नका, शुद्ध नीट नसेल तर ते फुप्फुसात जातं. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे हेही विसरू नका. हातपाय दुखतात म्हणून रडणारा तरुण पोरगा नाटक करत नसतो. "सिकलसेलचं कार्ड आहे का?" विचारा, पाणी, ऑक्सिजन, आणि दुखणं थांबवायचा उपाय लवकर.

पायलटशी नातं जपा. आमचे काका आधी ट्रक चालवायचे, कळमेश्वरचे. घटनास्थळी पोचलो की ते म्हणायचे, "मॅडम, तुम्ही उतरा, मी गाडी वळवून ठेवतो." तोंड नेहमी निघायच्या दिशेला. पेशंट बाहेर येईपर्यंत गर्दी जमते, मग वळायला जागा राहत नाही. छातीत दुखणाऱ्याला घेऊन जाताना मोकळ्या रस्त्यावर ते हूटर बंद करत, कारण त्या आवाजानं पेशंटची नाडी वाढते, हे त्यांनी स्वतः पाहून शिकलेलं होतं. पन्नाशीत रात्रीचं दिसणं कमी झालं तेव्हा त्यांनी स्वतःहून दिवसपाळी मागितली, आणि नंतर नव्या पायलटांना शिकवण्याचं काम घेतलं. वेळेत उतरणं याला म्हणतात.

कारण गाडी जन्मभर करायची नोकरी बहुतेकांसाठी नाही. माझी कंबर पाचव्या वर्षी बोलायला लागली. म्हणून रुजू होण्याआधीच विचारून घ्या. नोकरी बहुधा कंत्राटी असते: करार किती महिन्यांचा, पीएफ कापतात का, अपघात विमा आहे का, रात्रपाळ्या महिन्याला किती, बेसवर (गाडी उभी असते त्या जागी) मुलींसाठी कडी लागणारं बाथरूम आहे का. शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका, मी लाजले होते. हिपॅटायटिस बीचे तीन डोस पूर्ण करा आणि नंतर अँटीबॉडी तपासा, १० च्या वर हवी. सुई टोचली तर हात धुवा आणि ड्युटी संपायची वाट न पाहता सरकारी रुग्णालयात जा. एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांत सुरू व्हावी लागते, २८ दिवस घ्यावी लागते.

बारावीनंतर येणाऱ्यांनी इमर्जन्सीचा बीएस्सी किंवा डिप्लोमा घेताना एवढंच बघावं की कॉलेज कोणत्या विद्यापीठाला जोडलेलं आहे आणि इंटर्नशिप खरोखर गाडीवर आणि कॅज्युअल्टीत मिळते का. सीनियरला गाठून विचारा, माहितीपत्रकावर जाऊ नका. अलाइड हेल्थच्या व्यवसायांसाठी २०२१ मध्ये राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आहे, त्यामुळे मान्यता नसलेल्या कोर्समध्ये पैसे घालणं आता जास्तच धोक्याचं.

बाहेर पडायच्या वाटा बऱ्याच आहेत. बीएएमएसवाले आणि नर्सेस उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी होतात. कॅज्युअल्टीला गाडीवरची माणसं आवडतात, कारण ती घाबरत नाहीत. हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांना प्रथमोपचार आणि सेफ्टीची माणसं लागतात. ईएमटी आखाती देशांत जातात, तिथे परवान्याची परीक्षा असते. पण या सगळ्यांसाठी एक वही हवी. रोजचे कॉल, काय केलं, काय चुकलं, पेशंटचं नाव न लिहिता. कॅज्युअल्टीच्या मुलाखतीत मी माझी वही समोर ठेवली होती. दुसरं काही फार विचारलं नाही. आणि सोडताना अनुभवाचं पत्र तारखांसकट हातात घेतल्याशिवाय निघू नका, नंतर फार फिरवतात.

पीजीची तयारी करता करता "तोवर" म्हणून गाडीवर येणाऱ्यांनाही मी नको म्हणत नाही. फक्त किमान दोन वर्षं द्या. पहिला उन्हाळा, पहिला पावसाळा भीतीतच जातो. दुसऱ्यांदा दिसायला लागतं.

एखादा पेशंट डोक्यातून जात नसेल, झोप उडाली असेल, तर बोला. टेली-मानसचा १४४१६ हा फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मी बोलले आहे, एका लहान बाळाच्या कॉलनंतर. याहून जास्त त्याबद्दल लिहीत नाही.

रुजू झालात की पहिल्या सुट्टीच्या दिवशी एक करा. स्वतःची गाडी काढा, वर्धा रोडवर एकदा पुलावरून जा, एकदा पुलाखालून. चढ कुठे आहे, उतार कुठे आहे, मधे वळायला कुठे मिळतं, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मग कामठी रोडलाही तेच करा, तिथेही आता डबलडेकर झाला आहे.