खानापूरच्या रानात एक दिवसाची पायपीट कशी करावी

सह्याद्रीतल्या बहुतेक गडांवर आधी चढ असतो आणि दमल्यावर उतार मिळतो. बेळगावच्या बाजूला, खानापूर तालुक्यात हे उलटं आहे. कणकुंबी, चोर्ला ही गावं समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर, घाटमाथ्याच्या अगदी काठाला. इथली वाट सकाळी आपल्याला म्हादई नदीच्या खोऱ्यात नाहीतर गोव्याच्या अंगाला अलगद खाली नेते. पाय ताजे असतात, सावली असते, किती उतरलो याचा पत्ताच लागत नाही. मग भर दुपारी तोच उतार चढण होऊन समोर येतो. म्हणून इथं भटकंती आखताना पहिला हिशोब परतीच्या चढाचा करा.

वेळेचा हिशोब

स्कॉटलंडच्या नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला, तो आजही कामाला येतो: ताशी ५ किलोमीटर चाल धरा, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. म्हणजे जाऊन-येऊन १० किलोमीटर आणि ४०० मीटर चढ असेल तर २ तास ४० मिनिटं. पण आपल्याकडं दगड, मुळं, ओहोळ आणि कारवीच्या झुडपांची दाटी असते, तेव्हा हा आकडा सरळ दुप्पट करा. जेवण-विश्रांतीचा तास धरला तर जवळपास साडेसहा तास होतात. सकाळी ७ ला पाऊल टाकलं तर दीड वाजता वर याल, आणि चुकामूक झाली तरी हाताशी उजेड राहील. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, दाट झाडीत मात्र अंधार त्याच्या आधीच पडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. निघण्यापूर्वीच परत फिरायची वेळ ठरवा आणि ती सगळ्यांना सांगा. वरच्या उदाहरणात अकरा ही वेळ ठीक. अकरा वाजले की जिथं असाल तिथून मागं फिरायचं, धबधब्याचा आवाज कानावर येत असला तरी. ‘आलोच आहोत तर दहा मिनिटं’ म्हणणारा एकजण प्रत्येक गटात असतोच. त्याला आदल्या रात्रीच समजावून ठेवलेलं बरं.

परवानगी आणि वाट

भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. म्हादईचा उगम असलेलं देगाव याच रानात येतं. इथं मनाला येईल तसं शिरता येत नाही. आधी खानापूरच्या वनखात्याच्या कार्यालयात चौकशी करा. वनखात्याच्या ‘अरण्य विहार’ संकेतस्थळावर आपली वाट आहे का तेही बघा. याच रानातल्या बारापेडे गुहांत जायचा हट्ट तर अजिबात नको. रॉटनचं वटवाघूळ म्हणून ओळखली जाणारी दुर्मीळ जात तिथं राहते आणि माणसांच्या वावरानं ती बिथरते. पावसाळ्यात धबधब्यांवर बहुधा बंदी असते, ती पाळा. ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी हा काळ चालायला उत्तम.

जांबोटी गाव सोडलं की बऱ्याच ठिकाणी मोबाईलला रेंज मिळत नाही, तेव्हा नकाशा घरूनच उतरवून घ्या. त्याहून खात्रीचं म्हणजे गावातला माहीतगार माणूस सोबत घेणं. त्याची मजुरी आधी बोलून ठरवा आणि ती देताना घासाघीस करू नका. गुरांच्या वाटा पायवाटेसारख्याच दिसतात आणि रानात मध्येच विरून जातात. फाट्यावर शंका आली की थांबा, पुढं रेटू नका. कुणी गुराखी भेटला तर ‘मामा, ही वाट गावाला जाते काय?’ असं विचारण्यापेक्षा ‘गावाची वाट कुठली?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला भिडस्त माणूस ‘जाते की’ म्हणून मोकळा होतो.

सामान

माणशी ३ लिटर पाणी. त्यातलं दीड लिटर चढासाठी राखून ठेवा. भाकरी-चटणी, गूळ-शेंगदाणे, मीठ-साखरेची पुडी, बॅटरी, शिट्टी, मळखाऊ रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, चांगली पकड असलेले बूट. एवढं पुरे.

रानातले रहिवासी

ओल्या पालापाचोळ्यात जळवा असतात. चिकटलेली जळू ओढू नका. तिच्या तोंडाशी नख आडवं सरकवा, ती सुटते. जळवेच्या लाळेमुळं रक्त गोठत नाही, म्हणून जखम बराच वेळ वाहते. घाबरू नका, स्वच्छ कापड दाबून धरा. काळजी जास्त घ्यायची ती गोचिडांची. १९५७ मध्ये शिवमोगा जिल्ह्यात पहिल्यांदा ओळखला गेलेला माकडताप त्यांच्यामुळं पसरतो, आणि गोवा व सिंधुदुर्गातही त्याचे रुग्ण सापडले आहेत. पायजमा मोज्यांत खोचा, पाचोळ्यावर बसू नका, मेलेलं माकड दिसलं तर लांबूनच वनखात्याला कळवा.

अस्वल अचानक समोरासमोर आलं तरच धोका मोठा. म्हणून वळणांवर आणि झुडपांजवळ मोठ्यानं बोलत चला. इथं गाणी लावून फिरण्याची गरज नाही, नेहमीचा बोलण्याचा आवाज पुरतो. गवा दिसला तर थांबा, हळूहळू मागं सरा, त्याला वाट द्या. फोटोसाठी पुढं जाऊ नका.

ओहोळ ओलांडताना पाण्याकडं नीट बघा. नितळ पाणी गढूळ झालं आणि काटक्या-पानं वाहू लागली, तर वर कुठंतरी पाऊस झाला आहे. लगेच काठावर या आणि उंच जागा धरा.

परत आल्यावर

ज्या घरी सकाळी सांगून गेला होता तिथं पोचल्याचं सांगा. घरी आल्या आल्या कपडे गरम पाण्यात टाका, अंघोळीच्या वेळी काखा, जांघा, कानामागं गोचीड आहे का तपासा. पुढच्या आठ-दहा दिवसांत ताप आला तर रानात गेल्याचं डॉक्टरांना आपणहून सांगा.