एसीतून पाणी गळतंय? आधी बाहेरची नळी बघा

स्प्लिट एसीच्या आतल्या युनिटमधून भिंतीवर ओघळ आले की आपण लगेच मेकॅनिकला फोन लावतो. त्याआधी गॅलरीत जाऊन पाणी बाहेर सोडणारी नळी बघा. पावसाळी दमट हवेत एसी अर्धा-पाऊण तास चालूनही नळीतून थेंब पडत नसेल, तर ती तुंबली आहे. धूळ आणि ओल मिळून आत शेवाळासारखा बुळबुळीत गाळ साचतो. आमच्याकडे तर एकदा नळीचं टोक कुंडीतल्या मातीत रुतलं होतं, आणि मी तीन दिवस छताला दोष देत होतो!

एमसीबी बंद करा. ओलं ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर असेल तर नळीच्या बाहेरच्या टोकाला फडकं गुंडाळून लावा आणि गाळ खेचून घ्या. फुंकू नका, घाण उलट आत जाते. नळीला कुठे उंचवटा नको, उतार सलग हवा.

नळी मोकळी असेल तर फिल्टर बघा. जाळी धुळीने भरली की हवा अडते, कॉइलवर, म्हणजे आतल्या गार नळ्यांवर, बर्फ धरतो आणि तो वितळला की पाणी खालच्या ट्रेबाहेर सांडतं. जाळी साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी.

फिल्टर स्वच्छ असूनही बर्फ धरतोय? मग बहुधा गॅस कमी झालाय. गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, गळतो. त्यामुळे नुसता भरून देणाऱ्याला आधी गळती शोधायला सांगा.