'गेट'चा अर्थ पुढच्या शब्दात शोधा

शाळेत इंग्रजी क्रियापद get शिकताना 'गेट म्हणजे मिळणे' असं पाठ केलेलं असतं. ते खरं आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. वाक्यात गेट दिसलं की आधी त्याच्या पुढे काय आलंय ते बघा. अर्थ तिथे ठरतो.

पुढे नुसतं नाम असेल तर मिळणे, आणणे, विकत घेणे. 'आय गॉट अ लेटर', मला पत्र आलं. मराठीत 'मला' येतं, इंग्रजीत मिळवणारा कर्ता होतो, म्हणून 'आय'.

पुढे विशेषण आलं की स्थिती बदलतेय असं समजा. आपण इथे होणे, येणे, लागणे, पडणे अशी निरनिराळी क्रियापदं वापरतो, इंग्रजीचं एका गेटवर निभावतं: राग आला, 'आय गॉट अँग्री', उशीर होतोय, 'इट्स गेटिंग लेट', अंधार पडायला लागला, 'इट्स गेटिंग डार्क'. भूक लागलेलीच असेल तर 'आय ॲम हंग्री', लागायला लागली असेल तर 'आय ॲम गेटिंग हंग्री'.

पुढे ठिकाण असेल तर पोहोचणे, आणि मध्ये 'टू' हवा: 'गेट टू पुणे'. होम, हिअर, देअर यांच्याआधी मात्र टू येत नाही. 'आय गॉट टू होम' ही नेहमीची चूक. वाहनांचं म्हणाल तर बस-ट्रेनला गेट ऑन आणि गेट ऑफ, कार-टॅक्सीला गेट इन आणि गेट आउट ऑफ. आपल्याकडचं 'गेट डाउन' भारतात चालतं. बाहेरच्या माणसाला ते ऐकून खाली वाकायचंय की काय असं वाटू शकतं.

सगळ्यात जास्त गोंधळ क्रियापदाच्या तिसऱ्या रूपाशी होतो. गेटला ते लगेच जोडलं तर कर्मणी अर्थ येतो: 'ही गॉट फायर्ड', त्याला कामावरून काढलं. प्रश्न विचारताना 'डिड' घ्या, 'वॉज' नाही: 'डिड यू गेट पेड?' मध्ये वस्तू घातली तर अर्थ 'करून घेणे' होतो: 'आय गॉट माय हेअर कट', केस कापून घेतले. 'आय कट माय हेअर' म्हणालात तर ऐकणाऱ्याला वाटेल, कात्री तुम्हीच चालवली. क्रमही पक्का आहे: गेट, मग वस्तू, मग तिसरं रूप. काम करणाऱ्याचं नाव घ्यायचं असेल तर त्याच्यापुढे टू आणि पहिलं रूप येतं: 'आय गॉट द प्लंबर टू फिक्स द टॅप'. 'मेक' आणि 'हॅव' असेच वापरताना हा टू लागत नाही, म्हणून तो इथेही गळतो.

'हॅव गॉट' हे वेगळं प्रकरण. 'आय हॅव गॉट टू (two) ब्रदर्स' म्हणजे मला दोन भाऊ आहेत. मिळण्याचा इथे संबंध नाही. पुढच्या जोडीत तर एका हॅवने अर्थ फिरतो. 'आय गॉट टू मीट हर', तिला भेटायची संधी मिळाली. 'आय हॅव गॉट टू मीट हर', तिला भेटायलाच हवं. बोलताना हा हॅव पुष्कळदा गिळला जातो आणि 'गॉट्टा' ऐकू येतं, तेव्हा संदर्भावरून ओळखायचं.

समजणे या अर्थाने 'आय डोन्ट गेट इट' म्हणा. 'आय ॲम नॉट गेटिंग इट' हे 'मला समजत नाहीये'चं शब्दशः भाषांतर आहे. फोन लागला नाही तर 'आय कुडन्ट गेट थ्रू'. लग्नाच्या वाक्यात 'विथ' नको: 'शी गॉट मॅरीड टू अ डॉक्टर'.

अमेरिकेत तिसरं रूप 'गॉटन' होतं, पण तिथेही 'आहे' या अर्थी हॅव गॉटच. अर्जात, कार्यालयीन पत्रात गेट शक्यतो टाळा. तिथे रिसीव्ह, ऑब्टेन, बिकम शोभतात. बोलताना मात्र 'आय ऑब्टेन्ड सम मिल्क' म्हणू नका, दूधवाल्यालाही ते जड जाईल.