टांझानियात गाणं शिकवायला निघालात? या चुका टाळा

टांझानियातल्या एखाद्या शाळेत किंवा गायनवृंदात स्वयंसेवक म्हणून शिकवायला निघालेला आपला माणूस आधी स्वाहिलीची चारदोन पानं पाठ करतो. ती कामाला येतातच. पण न कळलेल्या शब्दामुळे वर्ग क्वचितच अडतो; शब्द कळला नाही तर माणूस निदान पुन्हा विचारतो. खरा घोळ होतो तो आपल्याला कळलंय अशी दोन्हीकडच्यांची खात्री असते तेव्हा.

वर्गाला कुणीच आलं नाही

'सा न्ने', म्हणजे चार वाजता, असं ठरलं. तुम्ही दुपारी चारला हजर आणि वर्ग रिकामा. मुलं सकाळी दहाला येऊन गेलेली असतात. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', पहिला तास. ऐकलेल्या आकड्यात सहा मिळवा आणि तरीही घड्याळावर बोट ठेवून एकदा विचारा. निरोप इंग्रजीत आला तर तो कुठल्या हिशेबाने लिहिलाय हेही विचारून घ्या.

सगळे 'हो' म्हणतात, गाता कुणालाच येत नाही

'उमेएलेवा?' म्हणजे कळलं का, असं विचारलं की उत्तर 'न्दियो, म्वालिमू' येणारच. गुरुजींना 'नाही' कोण म्हणणार? आपल्याकडे तरी कोण म्हणतं? हा प्रश्नच सोडून द्या. ओळ गाऊन दाखवा, 'तेना' म्हणा, म्हणजे पुन्हा, आणि कान द्या.

आपली मान डुलवायची सवयही इथे नडते. चांगलं गायलं म्हणून आपण मान हलवतो आणि समोरच्या पोराला वाटतं, चुकलं. दाद द्यायची तर तोंडाने द्या: 'व्हिझुरी'. लहान मुलं 'शिकामो' म्हणतील. तो वडीलधाऱ्यांना करायचा नमस्कार आहे आणि त्याचं उत्तर 'मराहाबा' असंच द्यायचं असतं. नुसतं हसून पुढे गेलात तर उद्धट ठराल.

मुलं 'बेसूर' गातात

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. तुम्ही एक ओळ गाता आणि समोरून ती दोन-तीन वेगवेगळ्या सुरांत एकदम परत येते. ख्यालाच्या तालमीत वाढलेल्या माणसाचा हात लगेच वर जातो: थांबा! तो वर नेण्याआधी ऐका. कुणी तुमचाच सूर धरलाय, कुणी तुमच्या षड्जाला (सा) वरचा गंधार (ग) लावलाय, कुणी खालचा पंचम (प), आणि ते सगळं एकमेकांशी जुळतंय. चर्चच्या 'क्वाया'त, म्हणजे गायनवृंदात, वाढलेल्या मुलांच्या कानात चार आवाजांचं गाणं लहानपणापासून मुरलेलं असतं. न सांगता ती आपापला सूर शोधतात. तुम्ही दर ओळीला थांबवलंत तर काय चुकलं हे त्यांना कळणार नाही, कारण काही चुकलेलंच नसतं. मग आवाज बारीक होत जातात आणि आपण घरी पत्र लिहितो की मुलं लाजाळू आहेत.

एकसूरच हवा असेल तर एक बोट दाखवून 'साउती मोजा' म्हणा, एकच आवाज. नाहीतर त्यांना जुळवू द्या आणि तुम्ही मूळ चाल धरून ठेवा. डोडोमाकडच्या वागोगो लोकांचं गाणं आणि त्यांचं इलिंबा हे अंगठ्यांनी वाजवायचं वाद्य कीबोर्डच्या पट्ट्यांशी जुळेलच असं नाही. तिथे मोबाइलवरचं ट्यूनर ॲप काढून कुणाला सुधारायला जाऊ नका. तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा, कीबोर्डच्या गंधाराशी न जुळणारा स्वयंभू गंधार ऐकलेल्याला हे खरं तर सांगावं लागू नये.

सा म्हणजे डो, पण किती वेळ?

इंग्लंडच्या जॉन कर्वेन यांनी 19व्या शतकात रुजवलेली टॉनिक सोल-फा, म्हणजे डो-रे-मी अशा नावांनी गाणं लिहायची-वाचायची पद्धत मिशनऱ्यांबरोबर आफ्रिकेत पसरली आणि पूर्व आफ्रिकेतले कितीतरी गायनवृंद आजही तीच वाचतात. तिच्यातला 'डो' आपल्या सासारखाच हलता असतो, कुठल्याही पट्टीत बसतो. म्हणून भूप राग अगदी सहज शिकवता येतो: सा रे ग प ध म्हणजे डो रे मी सो ला.

या यशाने हुरळून लगेच आसावरी थाटातलं, म्हणजे कोमल ग, ध, नी असलेलं काही काढलंत की गाडी रुळावरून घसरते. सोल-फात अशा, म्हणजे मायनर, गाण्याचा मुक्काम 'ला'वर असतो. तीच चाल मुलं 'ला'पासून मोजणार, तुम्ही फळ्यावर 'सा = डो' लिहिलेलं असणार, आणि दोघंही बरोबर असूनही जुळणार काहीच नाही. अशा वेळी स्वरनावं बाजूला ठेवा आणि आकारात, म्हणजे नुसत्या 'आ'वर, शिकवा. नावांचा हिशेब नंतर त्यांच्या वृंदप्रमुखाबरोबर बसून लावा.

रोमन लिपीत 'ध' लिहितानाही जपा. स्वाहिलीत डी आणि एच ही अक्षरं जोडून आली की उच्चार इंग्रजी 'धिस'च्या सुरुवातीसारखा, जीभ दातांत धरून होतो. धैवत तसा, 'धा धिं धिं धा'ही तसंच. फळ्यावर लिहू नका, तोंडीच द्या. 'तिरकिट'चं 'तिरिकिटी' झालं तर होऊ द्या. स्वाहिलीत शब्द सहसा स्वरावर संपतो.

तीनताल दहाच्या पुढे कोसळतो

मोजा, म्बिली, टाटू, न्ने... दहापर्यंतचा प्रत्येक आकडा स्वाहिलीत दोन अवयवांचा. केरवा आणि दादरा हे ताल मोजताना दुगून (दुप्पट लय) आपोआप हाताशी येते, याचा फायदा घ्या. अकरा मात्र 'कुमी ना मोजा' होतो आणि लय फरफटते. म्हणून तीनतालाच्या सोळा मात्रा सलग मोजू नका, चाराचे चार गट करा. आणि 'खाली' (तालातली टाळी न देण्याची जागा) मोठ्याने ओरडू नका; त्यांना 'काली' ऐकू येईल, म्हणजे कडक, तापट. मास्तर स्वतःबद्दल बोलतायत असं वाटायचं. खाली हातानेच दाखवा, पण हा हात थांबण्याची खूण नाही हे आधी दाखवून ठेवा.

आपलं संगीत त्यांना नवीनच, हा समज

झांझिबारला किंवा पलीकडे केनियात मोंबासाला गेलात तर आधी ताराब, म्हणजे तिथल्या किनाऱ्यावरचं स्वाहिली गाणं, ऐका. हिंदी सिनेमाच्या चालींवर स्वाहिली शब्द बांधायची मोंबासात जुनी रीत आहे, आणि तिथल्या ताराबात हार्मोनियम-तबलाही वाजलेला आहे. तुम्ही 'ओळख' म्हणून जी चाल गाल ती वर्गातल्या एखाद्याच्या आजीला अख्खी येत असेल. तिलाच बोलवा, अर्धा तास तिने घ्यावा.

निघण्याआधी परवान्याचं काम उरका. साध्या पर्यटक व्हिसावर शिकवता येत नाही, मानधन नसलं तरी. बोलावणाऱ्या संस्थेकडून स्वयंसेवकाच्या परवान्याचं लेखी घ्या. तबला नेणार असाल तर हातोडी आणि पावडर सोबत ठेवा. किनाऱ्यावरच्या दमट हवेत चामडं उतरतं आणि पहिला वर्ग स्वर लावण्यातच जातो.