जुनी गाडी झटके खातेय, ओढत नाही? पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

चालती गाडी मध्येच झटके खायला लागते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी ओढत नाही. कडेला घेऊन पंधरा मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू होते. मग आपण घरी येतो आणि दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडून सुरळीत चाललेल्या इंजिनात बिघाड शोधत बसतो. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथेच होते. ताप अंगात असतानाच नाडी बघायला हवी.

माझ्या जुन्या पेट्रोल गाडीने मला हे शिकवलं. अर्धा तास चालली की झटके, आणि मग बंद. हवा-पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटरच खराब आहे असं धरून मी तो दोनदा उतरवला, जेट (पेट्रोलची बारीक छिद्रं) साफ केले, फ्लोटची लेव्हल पाहिली, फिल्टर बदलला. काही फरक पडला नाही. शेवटी एक जादा स्पार्क प्लग आणि जाड रबरी हातमोजे डिकीत ठेवून दिले. पुढच्या वेळी गाडी बंद पडल्याबरोबर बॉनेट उघडलं, पेट्रोल कुठे गळत नाही ना, वास येत नाही ना हे आधी पाहिलं. डिस्ट्रिब्युटरवरून (प्लगना करंट वाटणारा भाग) कॉइलची (ठिणगीचा जोराचा करंट बनवणारी) मधली वायर काढून त्या प्लगला लावली, प्लगची धातूची बाजू इंजिनला नीट टेकवली आणि सोबतच्याला सेल्फ मारायला सांगितलं. थंड गाडीत निळी, टक् टक् वाजणारी ठिणगी आता पिवळट आणि बारीक दिसत होती, मध्येच पडतही नव्हती. कॉइलला हात लावणं अशक्य होतं. कॉइल तापली की आतलं वाइंडिंग दगा देत होतं, गार झाली की पुन्हा ठीक. दोन महिन्यांचं दुखणं पाच मिनिटांत सापडलं.

झटके कसे आहेत हे न पाहणं

बटण बंद केल्यासारखी गाडी एकदम तुटत असेल, टॅकोमीटरचा (इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा) काटा झपकन खाली येत असेल, तर आधी करंटकडे बघा: कॉइल, पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधला करंट जोडणारा-तोडणारा स्विच), त्याला जोडलेला कंडेन्सर, इग्निशन स्विच, सैल झालेली अर्थची वायर. गाडी हळूहळू दम सोडत असेल, चढावर किंवा वेगात जास्त आणि सपाट रस्त्यावर कमी, तर पेट्रोल पुरत नसण्याची शक्यता जास्त. आयडलला (रेस न देता नुसती चालू असताना) थरथरते पण रेस दिली की सुधारते, तर कुठूनतरी फुकटची हवा आत जातेय. फुटलेला व्हॅक्यूम पाइप किंवा मॅनिफोल्डचं (सिलिंडरकडे हवा नेणारा भाग) गॅस्केट तपासा. पावसात आणि दमट हवेतच त्रास होत असेल तर रात्री अंधारात इंजिन चालू करून प्लगच्या वायरींवर स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारा. लांबूनच बघा, हात लावू नका. करंट गळत असेल तर निळी ठिणगी वायरीवरून इंजिनवर उडी मारताना डोळ्यांना दिसते. डिस्ट्रिब्युटरच्या कॅपच्या आत पेन्सिलीने ओढावी तशी काळी रेघ दिसली तर ती कॅप गेली, घासून पुसून उपयोग नाही.

पॉइंटचा गॅप आणि टायमिंग वेगवेगळं समजणं

पॉइंटच्या गाड्यांत ही चूक इतकी होते की थोडं सविस्तर सांगतो. पॉइंट उघडतो त्या क्षणी ठिणगी पडते. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात मिनिटाला ३,००० फेऱ्या असताना पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतो. कॅमवर घासणारा त्याचा फायबरचा तुकडा झिजत जातो, गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडायला लागतो. म्हणजे कोणी हात न लावताही टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे सरकतं आणि गाडी महिनोन्‌महिने थोडी थोडी मंद होत जाते. हे इतकं हळू होतं की चालवणाऱ्याला कळतही नाही. म्हणून आधी फिलर गेजने (पातळ पट्ट्यांचं माप) गॅप, मगच टायमिंग. उलट क्रमाने केलं तर गॅप बदलताना आधी लावलेलं टायमिंग पुन्हा हलतं. गॅप बऱ्याच गाड्यांत ०.४ मिमीच्या आसपास असतो, पण तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडाच खरा.

टायमिंग आयडलला बरोबर आलं म्हणून थांबू नका. रेस दिली की ते पुढे सरकायला हवं. डिस्ट्रिब्युटरमधली वजनं गंजून अडकली असतील किंवा टायमिंग सरकवणारा व्हॅक्यूमचा पडदा फाटला असेल तर ते नीट सरकत नाही. पडदा तपासायला त्याचा पाइप तोंडाने ओढून जिभेने बंद करा. ओढ टिकली तर पडदा शाबूत आहे.

पेट्रोल येतंय म्हणजे पुरतंय, असं मानणं

आयडलला लागणारं पेट्रोल अगदी थोडं असतं. अर्धवट तुंबलेला फिल्टरही तेवढं देतो, चढावर मात्र कमी पडतो. टाकीचं झाकण हवा घेत नसेल तर टाकीत निर्वात होऊन पंपाला ओढवत नाही. गाडी दम सोडू लागली की थांबून झाकण उघडा. हवा फुस्सकन आत गेली आणि नंतर गाडी नीट पळाली, तर दोषी तेच. पंप बदलायची गरज नाही. जुने रबरी पाइपही दाबून बघा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने ते आतून मऊ होतात, त्यांचे बारीक तुकडे जेटमध्ये जाऊन बसतात. वर्षातून एकदा पाइप बदलणं मला कार्बोरेटर वारंवार खोलण्यापेक्षा शहाणपणाचं वाटतं.

एकाच दिवशी सगळं बदलणं

प्लग, वायरी, कॅप, फिल्टर असं सगळं एकदम बदललं आणि गाडी सुधारली, तर बिघाड कशात होता ते कधीच कळत नाही. सुधारली नाही तर आणखी वाईट, कारण नवा पार्टही सदोष निघू शकतो. एक बदला, चालवून बघा, लिहून ठेवा. जुने प्लग तर फेकूच नका, सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवा. फिकट तपकिरी चांगला, कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी किंवा हवा जास्त, तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय. चारांपैकी एकच वेगळा दिसला तर कार्बोरेटर सोडा, त्या सिलिंडरकडे वळा.

इंजेक्शनच्या गाडीत स्कॅनरने मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) असल्याचा कोड दिला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलणं हीही तीच घाई. सेन्सर बहुधा खरं बोलत असतो, हवा कुठून घुसतेय किंवा पेट्रोल कुठे कमी पडतंय ते शोधायचं असतं.

कॉम्प्रेशन शेवटासाठी ठेवणं

सिलिंडरमध्ये हवा किती दाबाने दबते ते गेजने मोजायची ही तपासणी मी मुद्दाम लवकर करतो. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, कॉइल आणि पेट्रोलचा पुरवठा बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. नाही आला तर बहुधा व्हॉल्व्ह बसत नाही किंवा हेड गॅस्केट गेलंय. व्हॉल्व्ह असेल तर आधी टॅपेट (व्हॉल्व्हला ढकलणाऱ्या भागातला बारीक गॅप) तपासा. टॅपेट वाजत नाहीत म्हणून खूश होणारे मी पाहिलेत, पण टॅपेटचा गॅप उरलाच नाही तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि शेवटी जळतो. खडखडणाऱ्या टॅपेटपेक्षा असा गप्प टॅपेट जास्त घातक.

आणि काही वेळा इंजिनाचा दोषच नसतो. आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. फेरी मारून आल्यावर एखाद्या चाकाजवळ हात नेला आणि बाकीच्यांपेक्षा जास्त धग लागली, तर ब्रेक चिकटलाय. सायलेन्सर आतून तुंबलाय का ते बघायला हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावून रेस २,५०० वर धरा. काटा स्थिर न राहता हळूहळू खाली उतरत गेला, तर धुराला बाहेर पडायला वाट नाही.