दवाखान्याचं बिल: रुग्णाच्या नातेवाइकांनो, या चुका टाळा

डॉक्टरांनी सकाळी अकरालाच डिस्चार्ज लिहिला होता. रात्री साडेनऊला मावशीच्या हातातली सलाइनची सुई अजून तशीच होती, कारण बिलिंग काउंटरवरून वॉर्डात ‘क्लिअरन्स’चा फोन आला नव्हता. सिस्टर बिचारी दर तासाला येऊन नाडी बघून जायची आणि आम्ही जिन्यात उभं राहून कोणाकडून किती उसने मिळतील याचा हिशोब करायचो. त्या रात्री कायदा आमच्या बाजूने होता. आम्हाला तो माहीत नव्हता, एवढंच.

त्यानंतर ओळखीच्या बऱ्याच जणांबरोबर अशा काउंटरसमोर उभा राहिलो. लोक हुशार असतात, कागद वाचतात, पण तोंड उघडतात ते पैसे भरून झाल्यावर. पुढच्या बहुतेक चुका या उशिराच्याच आहेत.

रेशनकार्ड शेवटच्या दिवशी काढणं

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना फक्त पिवळ्या आणि केशरी कार्डासाठी आहे, असं अजूनही घरोघरी ऐकू येतं. जुलै २०२४ पासून ती राज्यातल्या सर्व रेशनकार्डधारकांसाठी खुली आहे. पांढरं कार्डही चालतं. कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. अट अशी की रुग्णालय योजनेत असायला हवं आणि आजार किंवा शस्त्रक्रिया यादीत असायला हवी.

अडचण इथे होते: ही योजना कॅशलेस आहे. आधी खिशातून भरायचे आणि मग पावत्या दाखवून परत मागायचे, असं तिच्यात होत नाही. म्हणून दाखल होतानाच ‘आरोग्यमित्र (योजनेचे मदतनीस) कुठे बसतात?’ हा प्रश्न विचारा. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात त्यांचा कक्ष असतो. रुग्णालय योजनेत आहे की नाही हे १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर कळतं. योजनेत असूनही कोणी वेगळे पैसे मागितले, तर तक्रार त्याच नंबरवर करायची, आणि रुग्ण आत असतानाच करायची.

‘ट्रस्टचं आहे’ हे ऐकून पुढे न विचारणं

राज्यातली कित्येक मोठी, चकचकीत रुग्णालयं सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहेत. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली २००६ पासूनची योजना यांनुसार त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. त्यासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी काढावी लागते. हा निधी म्हणजे कोणाचं दान नव्हे. तो मागताना मान खाली घालायचं काहीच कारण नाही.

उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार आहे. पुरावा म्हणून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड लागतं. घरात कोणाला डायलिसिस चालू असेल, मोठं ऑपरेशन ठरलं असेल, तर दाखला आजच काढून ठेवा. रुग्ण आयसीयूत आणि मुलगा तहसील कचेरीच्या रांगेत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आत गेल्यावर समाजसेवा विभागात वैद्यकीय समाजसेवकांना भेटा. ‘खाटा शिल्लक नाहीत’ असं उत्तर मिळालं तर ते लेखी मागा आणि जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करा.

मोठी खोली घेणं

विमा आहे म्हणून आपण डिलक्स रूम मागतो. ही चूक सगळ्यांत महाग पडते आणि ती कळते अगदी शेवटी, टीपीए डेस्कवर, म्हणजे विमा दाव्यांचं काम बघणाऱ्या खिडकीवर.

समजा पॉलिसी ३ लाखांची आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला १ टक्का, म्हणजे ३,००० रुपये. तुम्ही ६,००० ची खोली घेतली आणि चार दिवस राहिलात. आपला हिशोब असा की वरचे बारा हजार आपण भरू, झालं. पण बऱ्याच पॉलिसींत ‘प्रमाणशीर कपात’ असते. खोली दुप्पट, म्हणून डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग या खर्चांतलाही अर्धाच भाग कंपनी देते. हा खर्च १ लाख २० हजार असेल तर त्यातले ६० हजार तुमच्या अंगावर येतात. बारा हजारांचे बहात्तर हजार झाले. वर आयसीयू सोडून ५,००० पेक्षा जास्त भाड्याच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, तो वेगळा.

यातला सुटकेचा भाग असा की औषधं, इम्प्लांट (शरीरात बसवलेले कृत्रिम भाग) आणि तपासण्या यांच्यावर अशी कपात लावता येत नाही. आयसीयूच्या भाड्यालाही ती लागत नाही. कपातीचा कागद हातात आला की याच ओळी तपासा. आणखी एक गोष्ट: विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार रुग्णालयाची विनंती पोहोचल्यापासून ३ तासांत कंपनीने डिस्चार्जची अंतिम मंजुरी द्यायची आहे. तिच्या उशिरामुळे रुग्णालयाने जास्तीचे पैसे लावले, तर ते विमा कंपनीने भरायचे, तुम्ही नव्हे.

एका ओळीचं बिल स्वीकारणं

‘कन्झ्युमेबल्स: ३८,४००.’ म्हणजे एकदा वापरून टाकायच्या वस्तू. मावशीच्या बिलात ही ओळ अशीच होती. त्याखाली काहीच नाही. तपशील मागितल्यावर चार पानं छापून आली, आणि त्यांत ज्या दिवशी ती आयसीयूतून बाहेर आली होती त्या दिवसाचंही आयसीयूचं भाडं लावलेलं निघालं. काउंटरवरच्या मुलाने निमूटपणे ते वजा केलं. विचारलं नसतं तर भरलं असतं.

तपशीलवार बिल मागणं हा तुमचा हक्क आहे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत जानेवारी २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर प्रत्येक खासगी रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. दाखल होताना त्या दरपत्रकाचा मोबाइलवर फोटो काढा. नंतर बिल आणि फोटो शेजारी ठेवून बघता येतं. स्टेंट बसवला असेल तर त्याची किंमत, ब्रँड, कंपनी आणि बॅच नंबर वेगळे दाखवलेले हवेत. स्टेंटच्या आणि गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे.

औषधं रुग्णालयाच्याच मेडिकलमधून घ्यायची सक्ती कोणी करू शकत नाही. बाहेरच्या परवानाधारक दुकानातून घेतली तरी चालतात. बिल मात्र जपून ठेवा.

अडवलं म्हणून आरडाओरडा, किंवा सही केलेला कोरा चेक

बिल थकलं म्हणून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडकवून ठेवता येत नाही. रुग्णहक्क सनदेत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. पैशासाठी रुग्णाला डांबणं बेकायदा आहे हे मुंबई उच्च न्यायालयानेही सांगितलं आहे. बिल माफ होतं असा याचा अर्थ नाही. देणं राहतंच, आणि ते वसूल करायला रुग्णालयाला दिवाणी न्यायालयाची वाट मोकळी आहे.

अशा वेळी संतापाने काच फोडली तर सगळं उलटतं. वैद्यकीय संस्थांवरील हिंसाचाराविरुद्धचा राज्याचा २०१० चा कायदा कडक आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, अजामीनपात्र गुन्हा, शिवाय नुकसानीच्या दुप्पट भरपाई. त्याऐवजी साध्या कागदावर चार ओळी लिहा:

‘आमचा रुग्ण अमुक तारखेपासून आपल्याकडे दाखल आहे. डॉक्टरांनी आज सकाळी ११ वाजता डिस्चार्ज लिहिला आहे. बिलातील पुढील रकमांना आमची हरकत आहे. आज आम्ही इतके रुपये भरत आहोत. उरलेल्या रकमेच्या कारणावरून रुग्णाला थांबवू नये.’

दोन प्रती करा आणि एकीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. पोच देत नसतील तर तिथूनच ईमेल करा. तरीही सोडलं नाही तर ११२ लावा. बेकायदा डांबून ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली गुन्हा आहे.

आणि कृपा करून कोरा चेक देऊ नका. सही तुमची असेल तर रकमेचा आकडा नंतर कोणी का भरलेला असेना, चेक परत गेल्यावर चेक न वटण्याच्या गुन्ह्याची, म्हणजे कलम १३८ ची नोटीस तुमच्याच नावाने येते. मुदत मागायचीच असेल तर किती रक्कम आणि कोणत्या तारखेला, हे लिहून त्यावर दोघांच्या सह्या घ्या.

घाईघाईत कर्ज काढणं

सावकाराकडे जायची पाळी आलीच तर त्याचा परवाना बघा. विनापरवाना सावकारीची तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे होते. बँक किंवा फायनान्स कंपनीच्या वसुली एजंटाला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर थकबाकीसाठी फोन करायची रिझर्व्ह बँकेची परवानगी नाही.

रुग्ण दगावला तर मुलांना वाटतं, वडिलांच्या दवाखान्याचं सगळं देणं आता आपल्या डोक्यावर आलं. वारस म्हणून जबाबदारी मागे राहिलेल्या मालमत्तेपुरतीच असते. मात्र दाखल करताना ‘बिलाची जबाबदारी माझी’ अशा ओळीखाली तुम्ही स्वतः सही केली असेल, तर गोष्ट बदलते. म्हणून तो फॉर्म वाचल्याशिवाय सही नको, कितीही घाई असली तरी.

कागद न मागता घरी येणं

डिस्चार्ज समरी म्हणजे पूर्ण फाइल नव्हे. इनडोअर केसपेपर, औषधांच्या नोंदी, नर्सिंग चार्ट यांची प्रत लेखी मागितल्यापासून ७२ तासांत द्यावी लागते. रुग्णालयाने त्या तीन वर्षं जपायच्या असतात.

बिलाची तक्रार महापालिकेच्या हद्दीत आरोग्य विभागाकडे, बाहेर जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे करा. तिथे दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. मावशीच्या वेळी आम्ही फाइल मागायला गेलो तेव्हा सव्वादोन वर्षं झाली होती. कागद मिळाले, मुदत गेली होती.