नागपूर पाहायला येताय? सोमवार सोडून या

पुण्याचा मावसभाऊ बायकोपोरांना घेऊन येऊन राहिला, फोनवर म्हणतो, भाऊ, तुमच्या नागपुरात संत्र्याशिवाय पाहायचं काय? त्याला जे लिहून पाठवलं तेच इथे टाकतो, अजून कोणाच्या कामी आलं तर बरंच.

सगळ्यात आधी वार बघ. सोमवार नको म्हणजे नकोच. अजब बंगला, म्हणजे सिव्हिल लाइन्समधलं जुनं म्युझियम, सोमवारी बंद, मोतीबागेतलं नॅरोगेज (अरुंद रुळांच्या) रेल्वेचं म्युझियमही बंद, आणि मी इथलाच असून मागे हे विसरलो होतो, भाचीला स्कूटीवर बसवून भर उन्हात सिव्हिल लाइन्सला नेलं तर गेटाला कुलूप. पोरगी काही बोलली नाही, फक्त कुलपाचा फोटो काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला. तिकीट, वेळ, फोटो चालतात का, हे सगळं आदल्या दिवशी विचारून घे, ऑनलाइन दिसणाऱ्या वेळेवर जाऊ नको.

बॅगेत पाणी, दुपट्टा (मे महिन्यात येणार असशील तर ४५ डिग्री धरूनच चाल बाप्पा), सुट्टे पैसे, सगळ्यांचे ओळखपत्र आणि मोजे. मोजे काऊन? दीक्षाभूमीच्या स्तूपात जाताना चपला बाहेर राहतात आणि दुपारी फरशीवर पाय भाजतात नं. दसऱ्याच्या आसपास येत असशील तर नीट ठरव, १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली, तो दिवस अशोक विजयादशमीचा, म्हणून तेव्हा लाखो लोक येतात. घुमट शांतपणे पाहायचा असेल तर ते दिवस टाळ, माणसं पाहायची असतील तर तेव्हाच ये, मी तर तेव्हाच ये म्हणेन.

अजब बंगल्यासाठी कपडेपण सांगतो, हसू नको. फोटो काढू देत असतील तर गडद शर्ट घाल, पांढरा शर्ट काचेत दिसतो आणि मूर्तीच्या पोटात तुझंच पोट येते. फोन काचेला टेकवून धर. १८६३ पासूनचं म्युझियम आहे, सगळं पाहायला गेलास तर पेंढा भरलेल्या पक्ष्यांपर्यंतच पोरं थकतील, म्हणून घरूनच दोन गोष्टी ठरवून ये. माझी एक सांगतो, गुंगेरिया गावात सापडलेला ठेवा. १८७० मध्ये बालाघाटकडे गुरं चारणाऱ्या पोरांना जमिनीतून धातूचा तुकडा वर आलेला दिसला, खणलं तर तांब्याची ४२४ हत्यारं आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे, काही गोल, काही चक्क बैलाच्या डोक्यासारखे! बराचसा माल लंडनला गेला, थोडा इथल्या संग्रहात आहे, कुठे ठेवलाय ते आत गेल्यावर विचार.

आता राजवाडा. वहिनीला आधीच सांगून ठेव की महाल नावाच्या भागात महाल नाही. भोसल्यांचा जुना राजवाडा काळ्या दगडाचा, लाकडावर भारी कोरीवकाम असलेला, तो १८६४ मध्ये जळाला, नगारखान्याचा दरवाजा काय तो वाचला. म्हणून महाल भागात राजस्थानसारखं काही शोधत फिरलास तर निराश होशील, जुने वाडे, देवळं, गल्ल्या पाहायच्या म्हणून ये, बूट आरामाचे घाल, गाडी आत नेऊ नको. आणि वाड्यांमध्ये लोक राहतात रे, दारात उभं राहून विचार, मगच आत पाय टाक.

सीताबर्डीचा किल्ला यादीतून खोडून टाक. तिथे १८१७ मध्ये आप्पासाहेब भोसले आणि इंग्रजांची लढाई झाली, पण किल्ला लष्कराकडे आहे, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट अशा मोजक्याच दिवशी उघडतात. तू त्या तारखांना येत असशील तरच बोल.

झिरो माइलला, म्हणजे इंग्रजांच्या काळच्या अंतरं मोजायच्या खांबाकडे, मेट्रोनेच जा, स्टेशनच त्या नावाचं आहे. चार घोडे, एक खांब, दहा मिनिटांचं काम. पोरांना खांबाशेजारच्या दगडावर हैदराबाद किती मैल ते शोधायला लाव.

नॅरोगेज म्युझियमला कडबी चौक स्टेशन जवळ पडते. तिथे रुळांमधलं अंतर पावलांनी मोजायला सांग, अडीच फूट भरते. छिंदवाड्याची गाडी अशाच रुळांवर २०१५ पर्यंत चालायची, मी बसलोय तिच्यात, सायकलवाला पुढे जायचा.

रामटेक दुसऱ्या दिवशी, पहाटेच निघ. वाटेतल्या मनसरला हिडिंबा टेकडीवर वाकाटक राजांच्या काळच्या विटांचं बांधकाम आहे आणि सावली अजिबात नाही, म्हणून ते आधी उरक. रामटेकच्या गडावर जाताना संत्रा बर्फीचा डबा गाडीतच ठेव, प्लास्टिकची पिशवी हातात दिसली की माकडं येतात, आणि ते पुण्याचे का नागपूरचे विचारत नाहीत.